नाकवाल्या मावशी

वारा पडलेला आणि धुकं इतकं दाट की समुद्रातला कचरा गोळा करून आणणारी होडी आधी ऐकू आली, मग दिसली. मावशींनी पोती पत्र्याच्या शेडमध्ये ओतवली आणि निवडायला बसल्या. जाळ्यांचे तुकडे, डबे, बुचं, फुटक्या बादल्या. हे सगळं बंद भट्टीत वितळतं, त्याची वाफ होते, वाफेचं तेल होतं आणि त्या तेलावर जहाजं चालतात. पथ्य एकच. नळाच्या पाइपाच्या जातीचं प्लास्टिक आत गेलं की तेलात आम्ल उतरतं आणि ते लोखंडसुद्धा खातं.

ओळखायचं यंत्र होतं, पण ते महिन्यातले वीस दिवस आजारी. म्हणून मावशींचं नाक. तुकड्याची कड काडीनं पेटवायची, विझवायची, धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर भट्टीत, आंबट उग्र आला तर बाहेर. अकरा वर्षं हेच. मुकादम म्हणायचा, "मावशींना सर्दी झाली की आपलं दुकान बंद." मावशी म्हणायच्या, "मग मफलर तूच आणून दे की, मेल्या."

लेकीनं दीड महिन्याचा नातू मांडीवर दिला, तेव्हा कळलं. मावशींनी त्याची टाळू हुंगली. काहीच नाही. पुन्हा हुंगली.

"आई, खातेस की काय त्याला?" लेक हसली.

मावशीही हसल्या. घरी येऊन कांदा चिरून पाहिला, रॉकेलची बाटली उघडून पाहिली. नाकाचा दगड झाला होता.

सांगितलं नाही. नाकवालीचं नाक गेलं, मग उरली कोण? त्या तुकडा वाकवून, नख रुतवून अंदाजानं निवडू लागल्या. काडी मात्र पेटवायच्या आणि हुंगल्याचं सोंग करायच्या. तीन आठवडे निभावलं. मग एका जहाजानं तेल परत पाठवलं. भट्टीची नळी उघडली तर आतून चाळण झालेली.

पोती भरून भट्टीवर न्यायची ती मावशींची धाकटी जाऊ. दिराच्या माघारी तिला कामाला मावशींनीच लावलेलं. सगळ्यांदेखत मुकादम म्हणाला, "मावशींचं नाक चुकत नाही. म्हणजे नंतर पोत्यात हिनंच काहीबाही कोंबलं."

धाकटीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी हातातली काडी पाहिली. धाकटी डबा उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मुकादमासमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी. मला वास येत नाही."

त्याला थट्टा वाटली. त्यानं पाइपाचा तुकडा पेटवून त्यांच्या नाकाशी धरला. स्वतः खोकत बाजूला झाला. मावशी तशाच उभ्या.

"जा, तिला घेऊन या," तो खाली बघत म्हणाला.

धाकटी दारातच कपडे पिळत होती. मावशींनी सगळं सांगितलं. ती पिळतच राहिली.

"मला माहीत होतं, जाऊबाई. मागच्या आठवड्यात माझं दूध करपलं, घरभर वास, आणि तुम्ही शेजारी बसून गप्पा मारत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तुम्ही सांगाल म्हटलं. काल तर सांगालच, असं वाटलं होतं."

"चल ना आता. मुकादमानंच बोलावलंय."

"पलीकडच्या गोदामात झाडलोट मिळाली मला. उद्यापासून जाते." तिनं बादली उचलली. "चहा टाकू का?"

परक्या बाईला विचारावं तसं तिनं विचारलं. मावशी नको म्हणाल्या.

शेडमध्ये त्यांच्या जागी मुकादम स्वतः बसला होता, प्रत्येक काडीला शिंकत. कुणी हसलं नाही. त्यानं मागच्या हौदाकडे बोट केलं. तिथं रिकामी पोती भिजत पडली होती. मावशींनी पदर खोचला, पहिलं पोतं उलटं केलं आणि शिवणीत अडकलेली वाळू बोटानं काढायला लागल्या.