नेम लागला, खांदा अडला

“मॅडम, परवा एक बी पक्षी सुटला न्हाई,” सुभेदार म्हणाले. मी त्यांच्या मुलाला उजवा हात समोरून वर उचलायला सांगितला. हात खांद्याच्या खालीच येऊन थांबला. मागच्या खेपेलाही तो तिथेच थांबला होता.

मी सांगलीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं काम काय असतं हे तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. “मालिशवाल्या बाई कुठं बसतात?” असं विचारत लोक यायचे आणि माझं डोकं फिरायचं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, की सर्जन मोकळा होतो. अवघडून बसलेला सांधा पुन्हा चालता करायचा, हे आमचं काम. त्यातलं निम्मं म्हणजे पेशंटला दमात घेणं.

सुभेदारांचा हा मुलगा दत्ता, इन्फन्ट्रीतला जवान. सुट्टीवर आला असताना मोटारसायकल घसरली आणि उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. लष्कराच्या हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन हाडाला धातूची पट्टी बसली, हाड जुळलंही. पण हात महिनोन् महिने झोळीत राहिल्याने खांदा आखडला. एक मेडिकल बोर्ड आधीच होऊन गेलं होतं. बोर्ड म्हणजे लष्करी डॉक्टरांची समिती. जवान कामाला लायक आहे की नाही, ते ती ठरवते. पहिल्या वेळी त्याला लो कॅटेगरी, म्हणजे तूर्त पूर्ण लायक नाही असा शेरा, देऊन सिक लीव्हवर घरी पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी हात डोक्यावर गेला तर नोकरी राहणार होती. नाही गेला तर बोर्ड औट, म्हणजे कायमचं घरी.

आणि घर कुठलं, तर आटपाडीच्या अलीकडच्या एका गावातलं. तिकडच्या कोरड्या रानात फौजेशिवाय दुसरं होतं काय? आजा फौजेत, बाप सुभेदार होऊन रिटायर झालेला, चुलते फौजेत. गल्लीत पेन्शनरच पेन्शनर. बोर्ड औट होऊन घरी बसलेला माणूस त्या गल्लीत एकही नव्हता.

मी त्याला नेहमीचे व्यायाम दिले. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी हळूहळू भिंत चढत जायचं. छताला पुली बांधून चांगल्या हाताने दुखरा हात ओढायचा. पठ्ठ्या घरी काही म्हणजे काही करायचा नाही.

“का रे केलं नाहीस?”

“आवं मॅडम, गल्लीतलं लोक बघत्यात. भित्तीला बोटं लावून काय उभा ऱ्हायचं? येडा झालोय व्हय मी?”

त्याच सुमारास शेजाऱ्यांनी टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. काळा डबा, दोन रिमोट आणि एक प्लास्टिकची बंदूक. ती बंदूक मला आवडली. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर लुकलुकतो आणि नळी पक्ष्यावर रोखलेली होती की नाही हे त्या डोळ्याला कळतं. पक्षी पडद्याच्या तळातून उडतो आणि वर जातो. त्याच्या मागे हात वर न्यावा लागतो. माझ्या व्यायामालाही हेच हवं होतं.

मी आमच्या डिपार्टमेंटच्या सरांना विचारलं.

“हे हॉस्पिटल आहे की जत्रा?” सर म्हणाले.

“सर, तो दुसरं काही करत नाही.”

“आणि खांद्याऐवजी अंगठाच दुखायला लागला तर?”

मुद्दा बरोबर होता. म्हणून सांगलीतल्या एका दुकानात बसून मी कॅसेटी एकेक करून लावून पाहिल्या. गेमच्या त्या चौकोनी डबीला सगळे कॅसेटच म्हणायचे. गाड्यांच्या शर्यतीत फक्त अंगठा हलतो, ती बाद. उड्या मारत पळणाऱ्या माणसाचंही तेच. फुटबॉलमध्ये दोन्ही हात मांडीवर ठेवून बसता येतं, त्यामुळे तोही बाद. बंदुकीवर चालणारे दोन उरले. एकात पक्षी उडायचे, दुसऱ्यात तबकड्या. तबकड्या फार लांब जाऊन बारीक होतात, त्याने माणूस चिडतो. मी पक्ष्यांवर बोट ठेवलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. एवढी घोडी झालेली बाई दुपारभर पक्षी मारत बसलेली त्याने पाहिली नसावी.

सुभेदारांनी डबा विकत घेतला. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, टीव्ही उंच ठेवा. दत्ताने उभं राहून खेळायचं. कोपर सरळ. हाताला कशाचा टेका नको. सुभेदारांनी “यस मॅडम” म्हणून मान हलवली.

पहिल्या खेपेला हात थोडा वर आला. मला बरं वाटलं. नंतर मात्र तो अडला. मी गोनिओमीटर लावायचे, म्हणजे शाळेच्या कंपासमधल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्यासारखं एक साधन असतं, त्याने सांधा किती वळतो ते मोजतात. ते हटून त्याच आकड्यावर. इकडे सुभेदार मात्र खुशीत. आज इतकं मारलं, काल तितकं मारलं. पोरगं म्हणे आता एक पक्षी सोडत नाही. मला याचा मेळ बसेना. इतका वेळ हात वर धरणाऱ्याचा खांदा सुटायलाच हवा होता. सर म्हणाले, आत काहीतरी चिकटलंय, पुन्हा सर्जनला दाखव. सर्जन म्हणाले, एक्स-रेच्या फोटोत सगळं व्यवस्थित आहे.

बोर्ड जवळ येत चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, स्वतःच जाऊन बघावं. विट्याला आमचं शिबिर होतं. ते उरकून तशीच पुढची एसटी पकडली.

सुभेदारांच्या पडवीत चपलांचा ढीग होता. आतून सुभेदारांचा आवाज येत होता. “श्वास धर. घाई न्हाई. दाब.” मग टीव्हीतला फटाक असा आवाज आणि चार म्हाताऱ्यांचं “शाब्बास गड्या.”

मी दारातच थांबले. टीव्ही खाली, लष्करी ट्रंकेवर ठेवला होता. समोर दत्ता मांडी घालून बसला होता. उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं आणि त्याच्या खाली वाळू भरून शिवलेली पिशवी. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. हलत होतं ते फक्त बोट. पक्षी फडफडत वर निघाला की बंदुकीची नळी टीचभर वर व्हायची आणि पक्षी पडायचा. खांद्याला काही कामच नव्हतं. फायरिंग रेंजवर रंगरुटाला जसं बसवतात, तसं बापाने लेकाला बसवलं होतं, आणि अगदी पद्धतशीर बसवलं होतं.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“या, या मॅडम. बघा आता कसा नेम लागतोय,” सुभेदार उठून उभे राहिले. “पयल्यांदा लय चुकायचा. म्या पोझिशन दुरुस्त केली.”

मी तापट आहे. एरवी पेशंटच्या घरच्यांपुढे जीभ आवरते, त्या दिवशी आवरली नाही.

“सुभेदार, मला पक्षी मेलेला नको होता. मला हात वर गेलेला हवा होता. एकही पक्षी मेला नसता तरी चाललं असतं.”

टीव्हीवर पक्षी उडत होते आणि सुखरूप वर निघून जात होते.

“टीव्ही उंच ठेवा म्हणाले होते ना मी?”

“व्हय, म्हनला व्हता,” सुभेदार हळू म्हणाले. “ठिवलावता. कोठीवर ठिवलावता. पर हात लटलट कापायचा त्याचा. एक गोळी लागंना. ही सगळी बसल्याली. माझ्या लेकाचा नेम चुकतोय, आन् म्या बघत बसू? हलत्या हातानं कवा गोळी मारत्यात का, मॅडम? आमाला असं शिकीवलंच न्हाई कुनी.”

“आबांचं काय न्हाई त्यात,” दत्ता मध्येच म्हणाला. “मलाच चुकल्यालं सोसंना. तुमी सांगितल्यालं माज्या ध्यानात हुतं.”

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली वाकले, कोपराखालची पिशवी उचलली आणि परड्यात जाऊन ओतून आले. पेन्शनर एकेक करत चपला शोधू लागले. जाताना एकजण म्हणाला, “करायला गेला गणपती आन् झाला मारुती.” तो वाईट अर्थाने म्हणाला नसावा, पण सुभेदारांनी ते ऐकलं. मला त्या माणसाचा फार राग आला.

टीव्ही त्याच दिवशी कोठीवर, म्हणजे धान्याच्या पत्र्याच्या पिंपावर, गेला. दत्ता उभा राहून खेळू लागला. आता हात कापायचा, कळ मस्तकात जायची, पक्षी सुटायचे. गल्लीतलं कुणी बघायला येत नव्हतं. सुभेदार एकटे बाजेवर बसून राहायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत. हे मला दत्ताने सांगितलं. पुढच्या खेपेला हात खांद्याच्या वर चढला होता. सुभेदारांनी आकडा विचारला नाही, फक्त एवढंच विचारलं, “डोक्यापातूर जाईल का, मॅडम? बोर्डाच्या आत?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. खोटं बोलून काय मिळणार होतं? आखडलेला खांदा आपल्या चालीने सुटतो. गेलेले आठवडे त्याला भरून देता येत नाहीत.

हात बोर्डाच्या आत डोक्यापर्यंत गेला नाही. कपाळाशी अडला. बोर्डातल्या डॉक्टरांनीही तसलंच कोनमापक लावलं असणार, आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येणार नाही. दत्ता बोर्ड औट झाला.

मला वाटलं, आता हे लोक काही येत नाहीत. पण उन्हाळा संपता संपता बापलेक दोघे आले. “चेक करायचंय,” दत्ता म्हणाला. मी हात वर करायला सांगितला. हात वर गेला, कपाळ ओलांडून गेला, दंड कानाला टेकला. मी गोनिओमीटर लावला आणि कार्डावर ‘फुल रेंज’ लिहिलं. म्हणजे सांधा पूर्ण मोकळा. फिजिओथेरपिस्टला हे दोन शब्द लिहिताना जो आनंद होतो तो मला ठाऊक आहे. त्या दिवशी तो झाला नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

“बोर्ड औट झाल्यावर पण करत राहिलास?” मी विचारलं.

“आबा सोडंनात. रोज सांच्याला टीव्ही लावून द्याचं. म्हनायचं, मार न्हाईतर चुकव, हात तेवढा वर ने.”

सुभेदार खिडकीबाहेर बघत होते. “अर्ज करता येतो का परत?” मी त्यांना विचारलं.

“केला. न्हाई म्हनलं.” ते उठले आणि दत्ताची पिशवी खांद्याला लावू लागले.

“असू दे आबा, मी घेतो,” दत्ता म्हणाला.

“नगं. मी हाय की,” सुभेदार म्हणाले आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागले. हात बरा झालाय हे त्यांच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

त्यानंतर मी बऱ्याच पेशंटना गेम दिले. आता तर बाजारात हात हलवला की चालणारे नवे नवे गेम येतात आणि लोक मला विचारतात, कोणता घेऊ? मी नाव सांगते. पण घरी गेम आला की पहिल्या आठवड्यात मी जाऊन पेशंटला खेळताना बघते. त्याने किती मारले ते मी विचारत नाही.