हंसाबाईनं न धुतलेलं फडकं

मी लोकांना फुंकायला लावते आणि त्याचा पगार घेते. हसू नका, कामच तसं आहे. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, माणसाला छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि मग त्याच्या कानाशी ओरडायचं, "फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून!" नळीला जोडलेलं यंत्र फुप्फुसात किती दम आहे ते आकड्यात सांगतं. वणीला अब्बांचं ट्रकचं गॅरेज आहे. तिथं मी लहानपणापासून ड्रायव्हर लोकांवर ओरडत आलेय, म्हणून अम्मी म्हणते, निलोफरला या नोकरीसाठी वेगळं काही शिकावंच लागलं नाही. शिकावं लागलं होतं, पण अम्मीशी कोण वाद घालणार.

हंसाबाई मला भेटली ती या नळीच्या दुसऱ्या टोकाला. वणी आणि मारेगावच्या मधे, मुख्य रस्ता सोडून आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली ती. उंच, हाडापेरानं मजबूत, पन्नाशीतली. नवऱ्याचं नाव भीमसिंग. तो वर्षाला दोन वाक्यं बोलतो, त्यातलं एक पावसाबद्दल असतं. बाकीचं सगळं हंसाबाई बोलते. पूर्वी एसटी तांड्यापाशी थांबत नसे. हंसाबाईनं अर्ज केले नाहीत. रोज सकाळी गाडीच्या वेळेला ती म्हैस घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. म्हशीला घाई नव्हती आणि हंसाबाईलाही नव्हती. शेवटी ड्रायव्हर हरला. अजूनही कंडक्टर त्या जागेला 'म्हैस स्टॉप' म्हणतो आणि तिकीट फाडतो.

आता आमचं काम काय होतं ते सांगते. नागपूरची एक संस्था कोळशाच्या धुळीनं माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं ते तपासत होती. अशा संशोधनाला दोन गावं लागतात, एक धुळीतलं आणि एक स्वच्छ हवेतलं. दोन्हीकडची माणसं फुंकतात आणि मग फरक बघायचा. धुळीतलं गाव खाणीच्या बाजूलाच होतं, त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. स्वच्छ गाव म्हणून कुणीतरी नकाशावर या तांड्यावर बोट ठेवलं. पहिल्या वर्षी घरोघर प्रश्न विचारले गेले. खोकला येतो का, दम लागतो का, धूळ येते का. सगळ्या घरांनी नाही सांगितलं. मी तेव्हा या कामात नव्हते.

तांड्याची रीत अशी की पाहुण्याला उत्तर नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख देतो. रूपसिंग नायक प्रत्येक दारात पुढे उभा राहिला आणि घरच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली. प्रश्न माणसागणिक विचारायचा ही संशोधनाची पद्धत, उत्तर सगळ्यांचं एकच ही तांड्याची. रूपसिंग वाईट माणूस नाही. पण रात्र झाली की जास्त वजन भरलेले कोळशाचे हायवा ट्रक तपासणी चुकवायला तांड्यावरून जातात, सकाळी ज्वारीच्या पानांवर बोट फिरवलं तर काळं होतं, आणि आसपासच्या तांड्यांमध्ये 'खोकलणारा तांडा' असं नाव पडत चाललं होतं. तेवढ्यावरून दोन पोरींच्या सोयरिकी फिसकटल्या होत्या. म्हणून नायकानं ठरवलं की आपल्याकडे कुणी खोकलत नाही. हंसाबाईची मुलगी राखीही लग्नाची होती. म्हैस घेऊन एसटी अडवणाऱ्या बाईनंही त्या वेळी गुमान मान हलवली.

त्याच वर्षी नायकाच्या स्लॅबवर एक मशीन बसवलं. ते दिवसरात्र हवा ओढतं आणि हवेतली धूळ आतल्या पांढऱ्या फिल्टरवर बसते. दर महिन्याला माणूस येऊन फिल्टर बदलून न्यायचा. फिल्टर निघायचा पांढराशुभ्र. स्वच्छ हवेचा पुरावाच की.

दुसऱ्या वर्षी, थंडीत, मी आणि डॉक्टर अर्पिता नळ्यांचं खोकं घेऊन नायकाच्या अंगणात बसलो. अर्पिता मॅडम माझ्याच वयाच्या, हुशार आणि जरा नियमाला चिकटून असणाऱ्या. सकाळपासून आकडे वाईट येत होते. हंसाबाई फुंकली, वाईट. तिला त्याचं काही वाटलं नाही. "बुढी झाली म्या, आता कायचा दम," म्हणाली. मग राखी बसली. विशीतली पोरगी, घागर घेऊन टेकडी चढणारी. तिला मी तीनदा फुंकायला लावलं, कारण मला वाटलं नळी गळतेय. नळी गळत नव्हती.

आकडा आम्ही ज्याचा त्यालाच सांगतो. राखीनं तो आईला सांगितला. हंसाबाई उठून अर्पिता मॅडमपुढे येऊन उभी राहिली.

"मॅडम, माह्या पोट्टीचा दम कुठी गेला?"

"मावशी, चुलीच्या धुरानं होतं असं कधी कधी."

"आमच्या घरी गॅस हाय. राखीनं चूल फुकलीच नाई."

"मग आणखी काही कारण असेल. धूळ तर तुमच्याकडे नाही. तुम्ही सगळ्यांनी तसं सांगितलंय, आणि मशीनही तेच सांगतं." अर्पिता मॅडम दमल्या होत्या. बोलता बोलता त्या पुढचंही बोलून गेल्या. खाणीजवळच्या गावात धूळ आहे आणि दम कमी आहे. इथं धूळ नाही, तरी दम तेवढाच कमी. असंच निघालं तर अहवालात लिहावं लागेल की दोष धुळीचा नाही.

हंसाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आमच्या तोंडानं तुमी त्या खाणीवाल्या गावाइलेही खोटं पाडता?"

मला तेव्हा अर्पिता मॅडमचा राग आला, आणि तांड्याचाही आला. पण राग आला की मला काम सुचतं. मी हंसाबाईला हाताला धरून जिन्यावरून स्लॅबवर नेलं आणि मशीन दाखवलं. म्हटलं, हे बघा, इथून हवा ओढतं, इथं धूळ अडते.

"पाणी गाळाच्या फडक्यावानी?"

"हो, तसंच."

तिनं मशीनकडे बघितलं, मग खाली अंगणात उभ्या असलेल्या पंचफुलाकडे बघितलं. पंचफुला म्हणजे नायकाची बायको. आणि मग हंसाबाई कपाळावर हात मारून जिन्यातच बसली.

झालं होतं असं. मशीन पाहुण्यांचं, महागाचं. त्याच्यावर रोज धूळ बसायची. पाहुण्यांची वस्तू अशी उघडी टाकणं पंचफुलाला बरं दिसेना. तांड्यात भरतकामाला हंसाबाईचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून ती हंसाबाईकडे गेली. हंसाबाईनं राखीच्या लग्नासाठी घागरीवर टाकायचं एक फडकं भरलं होतं, दुहेरी कापडाचं, दोन्ही बाजूंनी काचा-कवड्या लावलेलं. तिनं ते उचलून दिलं. वर जाऊन स्वतःच्या हातानं मशीनला घट्ट बांधूनही दिलं. फिल्टरवाला यायचा त्या दिवशी पंचफुला फडकं सोडून घरात ठेवायची, पाहुणे आले की आपण सोफ्यावरची चादर काढतो ना, तसं. फिल्टरवाला खूश व्हायचा की काय स्वच्छ ठेवता हो मशीन. तो गेला की फडकं पुन्हा मशीनवर. वर्षभर मशीननं हवा ओढली ती हंसाबाईच्या फडक्यातून गाळून.

आज आम्ही येणार म्हणून फडकं घरात होतं. हंसाबाई खाली उतरली आणि म्हणाली, "पंचफुला, माहं फडकं आण."

पंचफुलानं नवऱ्याकडे बघितलं. रूपसिंग नायक बाजेवरून उठला. त्याला सगळं कळलं होतं. तो हळू आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हंसा, पाहुण्याइपुढं तमाशा नको. राखीची सगाई तोंडावर हाय. तांड्याचं नाव गेलं तं तुही पोट्टी घरात राह्यन. फडकं उलगडलं तं म्या सगाईले बसणार नाई."

नायक बसल्याशिवाय सगाई होत नाही. हे मला माहीत होतं तर हंसाबाईला माहीत नसेल का? तिनं राखीकडे बघितलं. राखी गेली आणि पंचफुलाच्या घरातून फडकं घेऊन आली. आणून आपल्या याडीच्या, आईच्या हातात दिलं.

"याडी, उलगड," ती म्हणाली.

हंसाबाईनं फडकं बाजेवर पसरलं. आतली बाजू लाल, पिवळी, काचा चमकत होत्या. मग तिनं ते उलटं केलं. बाहेरची बाजू तव्याच्या बुडासारखी झाली होती. काचांमध्ये काही दिसत नव्हतं.

"म्याच झाकलं थे मशीन," ती म्हणाली. "अन् तुमी इचारलं तवा खोटंही म्याच सांगितलं. धूळ हाय. खोकला हाय. रातभर गाड्या हायेत. आता लिवा."

अर्पिता मॅडम ओट्यावर बसल्या. त्यांचं वर्षाचं काम गेलं होतं. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. त्यांनी नागपूरला साहेबांना फोन लावला. साहेबांनी पलीकडून सांगितलं की मोजमापात अशी चूक निघाली की गाव अभ्यासातून काढून टाकायचं, नियम आहे. मॅडमनी तसं तांड्याला सांगितलं.

हंसाबाई हसली. तिचं ते हसणं आमच्याआधी म्हैस स्टॉपच्या त्या एसटी ड्रायव्हरनं बघितलं असणार. "आमाले कागदावरून काढान. गाड्या रस्त्यावरून काढता काय?"

अर्पिता मॅडमनी फडक्याच्या काळ्या बाजूवर बोट फिरवलं. मग त्यांनी पुन्हा फोन लावला आणि म्हणाल्या, "सर, मी गाव काढत नाहीये. मशीन नव्यानं लावतेय, आणि या तांड्याला आता धुळीच्या गावांमध्ये धरतेय. स्वच्छ गाव आपण दुसरं शोधू, आणि या वेळी रात्री जाऊन शोधू." पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं त्यांनी. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणं सोडलं.

नायकानं मशीन आपल्या स्लॅबवर ठेवू दिलं नाही. ते हंसाबाईच्या टिनाच्या घरावर गेलं, आणि भीमसिंगनं त्या वर्षातलं दुसरं वाक्य खर्च केलं. "टिन दणकट हाय," तो म्हणाला. तांड्यातल्या बायका हंसाबाईशी बोलेनाशा झाल्या. ती विहिरीवर आली की बाकीच्या घागरी उचलून चालत्या व्हायच्या. त्यावर हंसाबाई मला म्हणाली, "बरंच झालं. पाणी लवकर भरून होते."

महिन्यानं फिल्टर बदलायला मीच गेले, फुंकायचं यंत्रही सोबत घेऊन. झाकण उघडलं तर आतला फिल्टर काळाकुट्ट. खाणीजवळच्या गावाचे फिल्टर मी पाहिले होते. हा त्यांचा सख्खा भाऊ होता.

खाली अंगणात पाहुणे बसले होते. राखीचं ज्याच्याशी ठरलं होतं तो शाम, आणि त्याचा बाप भावसिंग. दोघं पुसदकडचे, पण शाम वणीला हायवा चालवायचा. भावसिंगच्या कानावर सगळं गेलं होतं. त्यानं मला बाजूला बोलावलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाई, पोरीचा आकडा किती हाय थो सांगा ना. आमाले समजाले पाह्यजे."

मला असा संताप आला की हातातला फिल्टर त्याच्या टोपीवर झटकावासा वाटला. मी म्हटलं, "आकडा तिचा आहे. तिलाच विचारा."

राखी दारातच होती. "सांगतो ना," ती म्हणाली. "पण आधी तुमच्या पोराले फुकाले सांगा. माह्या रस्त्यावरून रात्री गाडी थोच नेते."

भावसिंगचं तोंड उघडं राहिलं. शाम मात्र उठला. बापाकडे न बघता माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसला आणि म्हणाला, "लावा चिमटा." मी त्याच्या कानाशी ओरडले, जेवढं ओरडायचं तेवढं. अर्ध्यातच त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना. राखीनं आतून पाणी आणून दिलं. मी त्याला पुन्हा बसवलं, आणि पुन्हा. आकडा काय आला ते मी त्यालाच दाखवलं. त्यानं तो मोठ्यानं वाचला. मग राखीनं तिचा सांगितला. तिचा त्याच्यापेक्षा बरा होता.

"निलोफर ताई, लिवा," राखी म्हणाली. "दोघाइचंही लिवा."

भावसिंगनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "आता तं सगाई कराच लागन. याले दुसरी कोन देते?"

सगाईला मलाही बोलावणं होतं. नायकाशिवाय बैठक भरली होती. हंसाबाईनं मधोमध नायकाची जागा मोकळी सोडली होती आणि तिथं ते फडकं पसरलं होतं, काळी बाजू वर करून. तिनं ते धुतलं नव्हतं. पंचफुलानं दोनदा धुवायला मागितलं तरी दिलं नव्हतं. नायक येणार नाही असं सगळे म्हणत होते, आणि गूळ वाटायची वेळ झाली तेव्हा रूपसिंग नायक आला. नवं पांढरं धोतर नेसून. त्यानं फडकं बघितलं. हंसाबाईनं नजर हलवली नाही. बसायचं तर त्यावरच बसायचं होतं. तो बसला.

गूळ वाटून झाला. नायक उठला तेव्हा धोतराला मागून मोठा काळा डाग पडला होता. सगळ्या तांड्यानं बघितला.

"नायक," हंसाबाई म्हणाली, "मांगून धूळ लागली."

"मालूम हाय," नायक म्हणाला. आणि ती न झटकता तो तसाच तांड्यातून चालत घरी गेला.