बॅनरवरचा स्लोव्हेनियाचा पाहुणा

आमचे हे, म्हणजे मालक, रेल्वेत रुळावर गँगमन होते, पूर्णा जंक्शनातच रिटायर झाले. शेजारी रिटायर गार्डसाहेब राहतात. मागं त्यांच्या वाढदिवसाला चौकात बॅनर लागलं, आणि खाली शुभेच्छुक कोण, तर आमदारापासून सगळी बडी मंडळी. तेव्हापासून मालकांचा जीव त्या बॅनरात अडकला. यंदा पोरानं त्यांचंही बॅनर करायचं ठरवलं. पण खाली फोटो कुणाचे? पोरगा, जावई आणि पुतणे.

मालक भडकले. "सगळी घरचीच तोंडं! हे बॅनर हाय का रेशनकार्ड? एक तरी मोठा माणूस पाह्यजे."

आता मोठा माणूस आणायचा कुठून? मला एकच माहीत. युरोपात स्लोव्हेनिया म्हणून देश आहे, तिथला फुटबॉलवाला. देशाकडून खेळायचा, आता रिटायर. पण मोबाईलवर त्याचा बोलबाला काय विचारता! गॅसपाशी उभा राहून एका हातानं भाजी हलवतो आणि गुडघ्यावर चेंडू उडवत राहतो. लाखो लोक बघतात. माझे गुडघे धरलेले, म्हणून दुपारी पडल्या पडल्या मी त्याचे व्हिडिओ बघते. एकदा मोबाईलमध्ये बोलून त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं, "बाळा, गॅस बारीक कर, बुडाला लागायलंय." त्यानं चक्क लाल बदाम दिला की त्यावर! म्हणजे ओळख झालीच ना?

मी बॅनरच्या दुकानात त्याचा फोटो दिला. दुकानदार म्हणाला, "काकू, पद काय टाकू?"

"टाक, माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, स्लोव्हेनिया."

मालकांना सांगितलं. फोटो निरखून बघितला, म्हणाले, "फोटो मोठा घ्यायला सांग."

सकाळी बॅनर लागलं. एकीनं विचारलं, "धाकला जावई का वं?" एकजण म्हणाला, "कोण्या पक्षाचे म्हणायचे?" पण कॉलेजच्या पोरांनी बरोबर ओळखलं. ही गर्दी, हे फोटो! मालक इस्त्रीचे कपडे घालून बॅनरखाली उभे, कुणीतरी हात जोडेल म्हणून. तर एक जण म्हणतो कसा, "आबा, जरा सरका, फोटोत यायलात तुमी."

घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजले. "वाढदिवस माझा, अन् कौतुक तुह्या फुटबॉलवाल्याचं!" मी पदर तोंडात कोंबून हसले. मग वाईटही वाटलं. सबंध वर्षात एक दिवस मागितला होता माणसानं.

संध्याकाळी गार्डसाहेब आले. एरवी फाटकातूनच "काय गँगमन!" म्हणून हाक मारतात. आज चप्पल काढून आत आले.

"दादा, पुढच्या महिन्यात नातवाचा वाढदिवस आहे. तुमच्या त्या साहेबांचा फोटो टाकला तर चालेल का? तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून विचारतो."

मालक उठून बसले. टोपी नीट केली. "असं एकदम कसं? लय लोकं असतेत त्यांच्या मागं. इचारावं लागंल." आणि आत बघून मोठ्यानं, "अगं, साहेबांना निरोप धाड!"

मी तरी मागं कशाला राहू? आतून म्हटलं, "आत्ता तिकडं दुपार हाय. जेवायला बसले असतील."

"ऐकलं ना?" मालक गार्डसाहेबांना म्हणाले. "जेवण होऊ द्या त्यांचं. बसा तवर."

गार्डसाहेब निमूटपणे खुर्चीच्या कडेला टेकले.