तीन सर्व्हर आणि एक खडा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली बायको लिंबू ठेवत होती तेव्हा मी "त्यापेक्षा सरबत कर" म्हणालो होतो... माझा विश्वास फक्त लॉग फाईलवर. मशीनने काय केलं, कधी केलं, ते तिथे आपोआप लिहिलं जातं आणि मशीन थापा मारत नाही. पंचाईत अशी, की मी जे सांगणार आहे ते लॉग फाईलमध्येच घडलं!

साल २००९. मंदीने दुबईत नुसती दाणादाण उडवली होती. रोज कुणाचा तरी व्हिसा कॅन्सल, कुणाची तरी फेअरवेल. मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचो. ऑफिस अल क्वोजमध्ये, गोदामाच्या वरच्या मजल्यावर. राहायला शेजारच्या अजमानला – मी, बायको मंजिरी आणि पाचवीतली लेक इरा. कंपनीचे सर्व्हर तीन: एक अल क्वोजला, एक अजमानच्या गोदामात, एक डोंगरापलीकडे खोर फक्कानच्या बंदराजवळ. कंटेनरची प्रत्येक नोंद तिघांकडे जायची आणि त्यांतल्या दोघांनी "मिळाली" म्हटलं की पक्की व्हायची. तोवर क्रेनवाला ताटकळत बसायचा.

ही सगळी मांडणी दामले काकांनी आणि मी मिळून केलेली. काका माझे सीनियर, पुण्याचे, इथे एकटेच राहायचे. तीन हा आकडा त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होता.

"तीन तिघाडा, काम बिघाडा! चार घे."

"काका, बहुमताला विषम आकडाच लागतो."

"तुझं बहुमत ठेव तुझ्यापाशी."

आपल्याकडे तिघं कामाला निघाले की चौथा म्हणून खिशात खडा टाकतात ना, तसा एक तांबूस खडा काकांनी खोर फक्कानच्या सर्व्हरवर खरोखर नेऊन ठेवला. शिवाय सेटिंगच्या फाईलमध्ये तीन सर्व्हरच्या नावांखाली रोमन लिपीत एक ओळ टाकली – 'चौथा: खडा. काढू नये.' ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह. म्हणजे ती नुसती माणसांसाठीची टीप, मशीन ती वाचतच नाही.

शुक्रवारी आम्ही खोर फक्कानच्या किनाऱ्यावर जायचो, तेव्हाही काका बरोबर असायचेच. "तुम्ही तिघं, मी तुमचा खडा," म्हणत मागच्या सीटवर इराशेजारी बसायचे आणि तिच्या चिप्स संपवायचे.

मग नोकरकपातीच्या एका यादीत काकांचं नाव आलं. एअरपोर्टवर इरा रडली, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

महिनाभरात आमचे मॅनेजर हारिसभाई माझ्या टेबलाशी आले. "गुरुवार को बेंचमार्क है. बंदर के सबसे बिझी दिन का पूरा लोड डालेंगे. हर एंट्री एक सेकंड के अंदर पक्की होनी चाहिए. नहीं हुई तो सिस्टम बंद, और हम दोनों भी खलास."

इराचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर होतं. घरी फक्त मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, "तू काम कर, बाकीचं बघू." पण त्या दिवसापासून तिने नवीन काही विकत आणणं बंद केलं.

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. नोंदी एकेक न पाठवता जुडीने पाठवायला लावल्या, नोंदींचा वेग खाणारे नको ते इंडेक्स, म्हणजे शोधायच्या याद्या, उडवले. सोमवारपर्यंत आकडे झकास! जाता जाता सेटिंगची फाईल साफ केली, जुन्या टिपा पुसल्या. काकांची ओळ दिसली, हसलो, आणि तीही पुसली.

मंगळवारी सगळं कोसळलं. तिघांत एकच प्रमुख असायला हवा, पण तिन्ही सर्व्हर "प्रमुख मीच" म्हणत भांडायला लागले आणि एकेक नोंद दहा दहा सेकंद लटकायला लागली. केबल बघितल्या, लाईन बघितली, डिस्क बदलल्या. फाईलमध्ये टिपा सोडून एक अक्षरही बदललेलं नव्हतं. बुधवारी दुपारी हात टेकले आणि पुण्याला फोन लावला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "खडा काढलास का रे?"

"काका, ती टीप आहे. मशीन ती वाचत नाही!"

"पण तू वाचली होतीस ना? 'काढू नये' लिहिलं होतं. ठेव परत."

चरफडत ठेवली. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

गुरुवारी सकाळी अकराला हारिसभाई शेजारी खुर्ची ओढून बसले. "यल्ला, शुरू करो." लोड चढत गेला... आणि नोंदींना लागणाऱ्या वेळेचा आलेख सपाट! बंदराचा अख्खा दिवस त्या तीन मशीननी हूं की चूं न करता पचवला. एकही नोंद सेकंदापलीकडे गेली नाही. मी हारिसभाईंना मिठीच मारली.

मिठीतून सुटून ते लॉग वाचायला लागले आणि थबकले. "ये चौथा कौन है? खडा?"

मी वाकून पाहिलं. अल क्वोज – मिळाली. अजमान – मिळाली. खोर फक्कान – मिळाली. खडा – मिळाली. प्रत्येक नोंदीखाली, शेवटपर्यंत!

"सर, ऐसा कोई सर्व्हर है ही नहीं."

हारिसभाईंनी लॉगची खिडकी बंद केली. "हबीबी, जो भी है, इसका व्हिसा कॅन्सल मत करना."

पुढचा आठवडाभर मी सगळा कोड चाळला. तो शब्द त्या टिपेखेरीज कुठेच नव्हता. काकांचं लॉगिन ते गेले त्याच दिवशी बंद झालेलं. मला त्यांचा संशय आला नाही असं नाही, पण त्या वेळी ते पुण्यात दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. भूत म्हणावं, तर त्यासाठी आधी मरावं लागतं, एवढं मलाही कळतं. पुढच्या गुरुवारी काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. तुम्ही तिघं राहिलात ना तिथे?"

ते सर्व्हरबद्दल बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खोर फक्कानला निघालो. इरा खाली पार्किंगमधून एक खडा घेऊन आली, काकांच्या जागेवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

"बाबा, वी आर थ्री. इट्स बॅड लक."

एरवी मी तिला बहुमत, विषम आकडा वगैरे समजावलं असतं. त्या दिवशी मागे हात नेऊन बेल्ट नीट बसलाय ना तेवढं पाहिलं. त्या लॉगचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. गाडी निघण्याआधी मागे वळून बघायची सवय मात्र तेव्हापासून लागली ती लागलीच.