माझ्या जहाजाला लावलेली चाकं

अनय, मीरा, काल फोनवर तुम्ही तुमचं अर्धं झालेलं जहाज दाखवलंत आणि मी "ते कुलपात ठेवा!" म्हणून ओरडले. का, ते आज लिहिते.

तुमचे बाबा जन्मायच्या आधी मी लकडगंजातून सागवानाचे तुकडे आणून, दोन वर्षं खपून हातभर लांबीचं शिडाचं जहाज केलं होतं. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवतात. एका वर्षी त्याच दिवशी मी माहेराहून परतले, तर बैलांच्या रांगेत माझं जहाज खडखडत येत होतं. तुमच्या आजोबांनी तळाला खिळे ठोकून चाकं लावली होती. शिडं फाटली होती.

"काहून रागावून राहिली वं? पुतण्याचा बैल मोडला. हेही लाकडाचंच आहे ना!"

"मग तुमचा रेडिओ बांधायचा होता दोरीले!"

सगळे हसले. संध्याकाळी त्याच सगळ्यांना मी गुपचूप पुरणपोळ्या वाढल्या. आज जहाजापेक्षा त्या वाढण्याचाच जास्त संताप येतो.

खिळ्यांनी तडकलेलं जहाज शेवटी चुलीत गेलं. त्याच्या डोलकाठीवर चढायची नखाएवढी एक शिडी तेवढी माझ्याकडे आहे.