तणसाच्या खोलीतली नऊ गाणी

फोन आला तेव्हा मी एटापल्लीच्या बाजारात चहा घेत होतो. आमच्या गाण्यांच्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम तिथं ठरवायचा होता आणि त्यानंतर आठच दिवसांनी आमचं रेकॉर्डिंग. पलीकडून शेवंताबाईंची मुलगी ललिता बोलत होती. "माणिकमामा, आई गेली..." मी विचारलं, "कुठी गेली?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण बाई गेल्या म्हणजे कुठल्या तरी गावी गायला गेल्या, एवढंच मला इतकी वर्षं ठाऊक होतं. त्या सकाळी मासोळी कापायला बसल्या होत्या आणि बसल्या जागीच कलंडल्या. याला आता सहा आठवडे झाले.

शेवंताबाई सिंदेवाहीकडच्या ढिवर कुटुंबातल्या. नवरा तलावात जाळं टाकायचा, त्या मासोळी विकायच्या आणि विकता विकता गाणी रचायच्या. काही वर्षं त्या नाटक मंडळीत गायल्या. तिथं ठरलेलीच गाणी म्हणावी लागत, म्हणून एका दिवाळीनंतर बाहेर पडल्या आणि मला नि पेटी वाजवणाऱ्या गिरिधरभाऊंना घरी बोलावलं. "मी माह्यी गाणी घेऊन गावोगाव जाणार. तुमी येता का?"

"पण बाई, आपल्याले बोलावते कोण?" गिरिधरभाऊ म्हणाले.

"बोलावन्याची वाट काऊन पाहाची? आपनच जाऊ."

आणि आम्ही गेलो. माझी ढोलकी, भाऊंची पेटी, माझीच जुनी जीप. माजरीला कार्यक्रमाच्या मधेच वीज गेली, माइक बंद. बाई स्टेजवरून उतरल्या आणि लोकांमधून चालत गाऊ लागल्या. बाजूच्या रस्त्यावरून कोळशाचा ट्रक आला की हात वर करून थांबायच्या, सगळे लोकही श्वास रोखून थांबायचे, आणि ट्रक पुढं गेला की अर्ध्यावर सोडलेला शब्द त्या तिथूनच उचलायच्या. लोक ट्रकला टाळ्या वाजवायला लागले!

अल्बमचं सुरू झालं ते जिवतीला. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी पुढं आली. "बाई, तुह्यं ते तलावाचं गाणं मले घरी न्याचं हाय. कसं नेऊ?" बाई तिच्याजवळ खाली बसल्या, ते गाणं तिला तीनदा म्हणून दाखवलं. म्हातारीच्या ओठांवर पहिली ओळ राहायची आणि दुसरी निसटायची. परत येताना घाट उतरल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "माणिकभाऊ, ती बाई गाणं मांगून राह्यली अन् माह्याजवळ तिले द्याले काईच नाई. आपन अल्बम कराचा."

त्या दिवसापासून साठीच्या शेवंताबाई सतरा वर्षांच्या झाल्या. गाणी चाळीसच्या वर, घ्यायची नऊ. सकाळी फोन यायचा, "तलावाचं पयलं ठेवू." तासाभरानं पुन्हा, "नाई, शेवटी ठेवू. लोकायनं वाट पाह्यली पाह्यजे." चंद्रपूरची रश्मी ध्वनिमुद्रण करते, ती तिची यंत्रं घेऊन आली. नागपूरच्या स्टुडिओचा विषय निघाला, तर बाई म्हणाल्या, "आवाज इथला हाय, इथीच पकडा." मग शांत जागेचा शोध. शाळेत पत्रे वाजायचे, समाजमंदिरात आवाज घुमायचा, बाईंच्या घरी कोंबड्या. रश्मीनं त्यांच्या कानाला हेडफोन लावले तेव्हा बाई दचकल्याच. "अवं पोरी, माह्या श्वासाचा एवढा आवाज होते?" त्याच दिवशी त्यांनी तीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी आमच्या घरची धान ठेवायची मातीची खोली रिकामी केली. तीन भिंतींना छतापर्यंत तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, रचलं, दाराला वाकळ टांगली. बाई आत आल्या आणि मधोमध उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली. आवाज जागीच मुरला. पुन्हा एक वाजवली. मग माझा दंड धरून हलवत ओरडल्या, "इथीच! माणिकभाऊ, इथीच!"

...आणि मग तो फोन.

मी मनातून अल्बम मिटवून टाकला होता. गिरिधरभाऊंनी पेटीला कुलूप लावलं. तेरवी झाल्यावर चौथ्या दिवशी ललिता आमच्या घरी आली. ही मुलगी आईच्या एकाही दौऱ्यावर आलेली नव्हती. तिनं त्या खोलीची वाकळ बाजूला सारली आणि म्हणाली, "मामा, रेकॉर्डिंग कवा हाय?"

"गाणार कोण, ललिता?"

"आई मासोळी कापता कापता गाये, मी खवले काढता काढता आयको. नवही येतेत मले."

"स्टेजवर कधी गायलीस का?"

"नाई. भेव लागते."

"मंग?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. "इथी कुठी स्टेज हाय?"

किती दिवसांनी मी हसलो! तसाच गिरिधरभाऊंकडे धावलो.

मागच्या आठवड्यात आम्ही त्या खोलीत बसलो. रश्मीनं बोट वर केलं, ललितानं डोळे मिटले आणि तलावाचं गाणं सुरू झालं. तिचा आवाज आईपेक्षा बारीक आहे, जरा कोराही आहे. पण त्यात पाणी होतं, जाळं होतं, पहाटेचा गारठा होता. ढोलकीवर माझी बोटं अशी पळत होती, जशी कित्येक वर्षांत पळाली नव्हती. गाणं संपलं. गिरिधरभाऊ उपरण्यानं डोळे पुसत होते.

"झालं! लय छान झालं पोरी," मी म्हणालो.

ललितानं हेडफोन काढले, कपाळावरचा घाम पुसला. "नाई झालं मामा. दुसऱ्या कडव्यात मी घाबरली. आईनं चालू देल्लं नसतं. पुन्हा घ्या."

रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी ढोलकीची दोरी ताणून घेतली, भाऊंनी भाता उघडला, आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.