कोपऱ्यातली घाण

घोडेगावच्या दत्तू पेंटरवर अन्याय झाला तो २००५ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी चार वाजता, पुण्यातल्या एका स्टुडिओच्या तिसऱ्या मजल्यावर. तो माझ्या हातून झाला. दत्तू पेंटर माझे वडील, आमचे आण्णा.

त्याच सकाळी आण्णा मला एसटीत बसवायला आले होते, काखेत कागदांची गुंडाळी घेऊन. आमच्या स्टुडिओत चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बनत होतं. स्क्रीनवर खऱ्या ब्रशसारखा फराटा उमटला पाहिजे, म्हणून साहेबांना हाताने मारलेले फराटे हवे होते. आण्णांनी दिवाळीत अंगणात बसून वीस कागद रंगवले. तरुणपणी पारगावला ऊस तोडताना त्यांच्या अंगठ्यावर कोयता बसला होता. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक फराटा सुटताना जरा खाली झुकतो.

खिडकीतून गुंडाळी देताना म्हणाले, "चुरगाळू नको गं. आन् साहेबाला सांग, झुकतंय म्हणून हसू नका. हात तसाच हाय."

साहेब हसले नाहीत. तो झुकलेला शेवटच त्यांना फार आवडला. कागद स्कॅन झाले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: पेंटर दत्तू, घोडेगाव. नुसत्या फराट्यांवर सही कोण करतं? आण्णा करतात. "बिननावाचा बोर्ड म्हंजी बेवारस ढोर, कुनीबी हाकत न्यावं," हे मी जन्मापासून ऐकलेलं.

साहेब म्हणाले, "कोपऱ्यातली घाण काढून टाक."

नोकरीला लागून सहाच महिने झालेले. "ते माझ्या वडिलांचं नाव आहे," एवढं वाक्य तोंडातून निघालं नाही. माउस धरला आणि वीस वेळा पुसलं. त्या फराट्यांचा सॉफ्टवेअरमधला ब्रश झाला, त्याचं नाव ठेवलं 'रस्टिक सात', म्हणजे गावठी नंबर सात.

दोन वर्षांनी गावी गेले. घोडेगावच्या स्टँडवर मोबाईलच्या जाहिरातीचा फ्लेक्स लागला होता, अक्षरं 'रस्टिक सात' ब्रशनं काढलेली. आण्णा मान वर करून बघत राहिले. "ह्यो माजा हात हाय. पन म्या कवा रंगवला?"

"झोपेत रंगवला असंल, दत्तूभाऊ!" पानवाला ओरडला. सगळे हसले. आण्णा फ्लेक्सच्या कोपऱ्यात नाव शोधत होते.

मी तिथंच सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुज्या हातानं पुसलंस?"

परत येऊन साहेबांना म्हटलं, ब्रशला आण्णांचं नाव द्या. "अगं, फराट्याला काय मालक असतो?" त्याच दिवशी नोकरी सोडली. तेव्हापासून ही अशी पत्रकं वाटतेय. गावी अजून जाते, आण्णा चहा विचारतात, कामाचं विचारत नाहीत. ते नाव परत नेल्याशिवाय त्या घरात मी पाहुणीच.

जुन्नर-आंबेगावातून बाहेर पडून डीटीपीत, अ‍ॅनिमेशनमध्ये माना मोडणाऱ्या पोरापोरींनो, तो ब्रश तुमच्या मशीनवर आहे. हळहळू नका. उद्या कामावर गेलात की यादीत 'रस्टिक सात' शोधा, राइट क्लिक करा, ते नाव पुसा आणि तिथं टाइप करा: पेंटर दत्तू, घोडेगाव. साहेबाला विचारत बसू नका.